दोन पुस्तकवाले आणि एक ‘एफ’

मागच्या वर्षी एका रविवारी सकाळी मी जुन्या वस्तूंच्या बाजारातून ईस्ट इंडिया कंपनीचं एक नाणं साडेतीनशे रुपयांना विकत घेतलं. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि पायाशी हनुमान. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत कंपनीचं नाव आणि साल १८१८. विकणाऱ्या काकांनी ते शर्टाच्या बाहीला पुसून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, “पेशवाई बुडाली त्या वर्षाचं आहे, साहेब. एका वाड्यातून आलंय.” १८१८ म्हटल्यावर मराठी माणसाचं जे होतं तेच माझं झालं. मी घासाघीससुद्धा केली नाही.

घरी येऊन नाणी जमवणाऱ्या मामाला फोटो पाठवला. त्याने आधी हसून लोळणाऱ्या तीन इमोजी पाठवल्या आणि मग फोन केला.

“हे नकली नाणं नाही रे,” तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. “नकली असायला आधी अस्सल असावं लागतं. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही.”

देवळांबाहेर विकायला केलेले हे टोकन. त्यावर कंपनीचं नाव आणि मनाला येईल ते साल. म्हणजे शेजारी अस्सल नाणं ठेवून फरक शोधायची सोयच नाही. मला हे फार आवडलं. साडेतीनशे रुपये गेल्याचं दुःख तासाभरात ओसरलं आणि डोक्यात वेगळाच प्रश्न सुरू झाला: ज्या वस्तूची मूळ प्रतच नाही, तिची लबाडी पकडायची कशी?

मी रहस्यकथांचा, त्यातही ‘कोझी’ प्रकाराचा भक्त आहे. म्हणजे ज्यात गुन्हा होतो पण सतरंजीवर डाग पडत नाही, आणि तपास पोलिसांऐवजी गावातली एखादी म्हातारी, नाहीतर जुन्या वस्तूंचा दुकानदार करतो. जोनाथन गॅशचा लव्हजॉय हा त्या दुकानदारांमधला सगळ्यात बेरकी. बीबीसीच्या मालिकेत इयन मॅकशेनने केलेला. त्याला अस्सल वस्तू नुसती जवळ आली तरी अंगात कळ उठल्यासारखं कळतं. मला ही शक्ती नाही, हे त्या रविवारी सिद्ध झालंच होतं. पण ज्या दोन माणसांची गोष्ट मी सांगणार आहे त्यांनाही ती नव्हती. त्यांच्याकडे होता संशय, एक सूक्ष्मदर्शक आणि भरपूर चिकाटी. आणि ते खरे होते.

जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड. दोघंही लंडनमध्ये दुर्मिळ पुस्तकांचा व्यापार करणारे. कार्टर स्क्रिब्नर्स या अमेरिकन कंपनीच्या लंडन शाखेत होता, पोलार्ड ‘बिरेल अँड गार्नेट’ या दुकानात भागीदार. कार्टर टापटीप, पोलार्ड कम्युनिस्ट. १९३४च्या जुलैमध्ये त्यांचं पुस्तक आलं तेव्हा कार्टर एकोणतीस वर्षांचा होता आणि पोलार्ड एकतीस. म्हणजे जवळजवळ माझ्या वयाचे. त्या वयात त्यांनी इंग्लंडमधल्या ग्रंथसंग्राहकांच्या दैवतालाच हात घातला. (मी त्या वयात स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये मॅनेजरसमोर ‘हे दोन दिवसांत होणार नाही’ एवढं म्हणायलाही घाबरतो.)

दैवताचं नाव थॉमस जेम्स वाइज. हा सुगंधी तेलांच्या पेढीत कारकून म्हणून लागला आणि तुटपुंज्या पगारातून पुस्तकं जमवू लागला. पुढे श्रीमंत झाला. त्याचा ‘अ‍ॅशली लायब्ररी’ हा संग्रह जगभर गाजला. ऑक्सफर्डने मानाची पदवी दिली, ग्रंथसूचीकारांच्या संस्थेने अध्यक्ष केलं. टेनिसन, स्विनबर्न, ब्राउनिंग अशा कवींच्या कोणत्या पुस्तकाची पहिली आवृत्ती कोणती, हे सांगणाऱ्या सूच्या त्याने तयार केल्या, आणि लिलावात त्या सूचीतला उल्लेख म्हणजे शिक्कामोर्तब.

या सगळ्यात सर्वांत मोलाची एक छोटी पुस्तिका होती. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगने नवऱ्यासाठी लिहिलेली प्रेमकवितांची सुनीतं, ‘सॉनेट्स फ्रॉम द पोर्तुगीज’. ती सर्वांना ठाऊक झाली १८५०च्या तिच्या कवितासंग्रहातून. पण या पुस्तिकेवर छापलं होतं: रेडिंग, १८४७. सोबत एक गोड गोष्टही होती. लग्नानंतर इटलीत एका सकाळी एलिझाबेथने लाजत कवितांचं बाड रॉबर्टच्या खिशात सरकवलं आणि तिच्या मेरी मिटफर्ड या मैत्रिणीने रेडिंग गावात मोजक्या प्रती खासगीत छापून घेतल्या. समीक्षक एडमंड गॉसने १८९४मध्ये ही गोष्ट छापली आणि सगळे विरघळले. आमच्या काकांच्या ‘एका वाड्यातून’चा हा साहित्यिक अवतार.

कार्टर आणि पोलार्ड विरघळले नाहीत. मला त्यांच्या तपासातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो तो हा, की त्यांनी आधी पुस्तिकेत काय आहे हे बघण्याऐवजी काय नाही ते बघितलं. १८४७मध्ये मैत्रिणींनी मैत्रिणींसाठी छापलेलं पुस्तक. मग एकाही प्रतीवर कवयित्रीची सही का नाही? ‘अमुक हिला सप्रेम भेट’ का नाही? त्या काळच्या बांधणीतली एकही प्रत का नाही? कुणाच्या पत्रात उल्लेख का नाही? आणि १८९०च्या आसपासपर्यंत एकही प्रत कुठल्याच लिलावात का आली नाही? चाळीस वर्षं एक पुस्तक कुणी हाताळलं नाही, कुणी त्यावर चहा सांडला नाही, आणि मग अचानक एकापाठोपाठ एक कोऱ्या प्रती बाहेर येऊ लागल्या. आमच्याकडे असा सर्व्हर दिसला, ज्याच्या लॉगमध्ये चार वर्षांत एकही एरर नाही, तर आम्ही त्याचं कौतुक करत नाही. तो चालू तरी होता का, हे बघतो.

पण नसणं हा पुरावा कोर्टात टिकत नाही. मग त्यांनी कागदाचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतला. जुना कागद चिंध्यांचा असे. इंग्लंडमध्ये एस्पार्टो नावाच्या गवताचा कागद १८६१च्या सुमारास आला आणि रासायनिक प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या लगद्याचा कागद १८७४च्या सुमारास. रेडिंगच्या सुनीतांच्या कागदात लाकूड निघालं. म्हणजे प्रेमात पडलेली एलिझाबेथ सत्तावीस वर्षं पुढचा कागद वापरत होती.

मग अक्षर. शिशाच्या खिळ्यांच्या छपाईत इंग्रजी छोट्या ‘एफ’चा वरचा आकडा आणि ‘जे’ची शेपटी खिळ्याच्या बाहेर लोंबते. बाहेर आलेला भाग सतत मोडतो. म्हणून पुढे एका छापखान्याने असे ‘एफ’ आणि ‘जे’ पाडून घेतले, जे मुकाट्याने आपल्या खिळ्यातच मावतात. हा बदल १८८० नंतरचा. आणि आपल्या पुस्तिकेतले ‘एफ’? सगळे आवरून बसलेले. शिवाय त्या खिळ्यांमधलं प्रश्नचिन्ह दुसऱ्याच घराण्यातून आलेलं, सोयरिकीत न शोभणारं. त्यामुळे छापखान्याची ओळख पटायची सोय झाली होती, फक्त छापखाना सापडत नव्हता.

तो सापडला कसा, तर मॅथ्यू आर्नल्डच्या एका कवितेच्या १८९३च्या अधिकृत पुनर्मुद्रणात. तेच ‘एफ’, तेच उपरं प्रश्नचिन्ह, आणि शेवटी छापखान्याचं नाव: रिचर्ड क्ले अँड सन्स. आणि हे पुनर्मुद्रण कुणी करून घेतलं होतं? थॉमस वाइजने.

२०१७मध्ये पाकिस्तानात पंतप्रधानांच्या कुटुंबाच्या चौकशीत सादर झालेल्या एका कागदावर २००६ची तारीख होती आणि फॉन्ट कॅलिब्री, जो सर्वांसाठी २००७मध्ये बाजारात आला. तेव्हा ट्विटरवर मीम्सचा पूर आला होता. ही युक्ती त्र्याऐंशी वर्षांपूर्वी दोन पुस्तकवाल्यांनी हाताने करून दाखवली होती, तीही पन्नासच्या आसपास पुस्तिकांवर.

वाइजची शक्कल मामाच्या वाक्यातलीच. त्याने अस्सल पुस्तकाची नक्कल केली नाही. खऱ्या कवीची खरी कविता घेतली आणि अस्तित्वातच नसलेली, प्रसिद्ध आवृत्तीच्या आधीची आवृत्ती तयार केली. मग स्वतःच्या सूचीत तिची नोंद केली. काही प्रती ब्रिटिश म्युझियमला भेट दिल्या, म्हणजे तिथल्या कॅटलॉगमध्येही नोंद झाली. स्वतःच कोड लिहायचा आणि स्वतःच अप्रूव्ह करायचा. असा इसम प्रत्येक टीममध्ये असतो, पण त्याला ऑक्सफर्डची पदवी मिळत नाही.

आता यातला एक माणूस, जो मला स्वस्थ बसू देत नाही. हर्बर्ट गॉरफिन. वाइजच्या पेढीत तो पोऱ्या म्हणून लागला होता. वाइजने त्याला कमिशनवर पुस्तिका विकायला दिल्या आणि पुढे उरलेला साठाच त्याला विकून टाकला. गॉरफिन त्याच जिवावर पुस्तकविक्रेता झाला. धागा धरत कार्टर आणि पोलार्ड त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा त्याला कळलं, की आपण वर्षानुवर्षं काय विकत होतो. रहस्यकथेत अशा पात्राला दोन पानं मिळतात. मला मात्र त्या दुपारची कल्पना करवत नाही. ज्या साहेबाने धंद्याला लावलं, त्यानेच. आणि घरात उरलेले गठ्ठे.

वाइज त्याच्याकडे आला. राहिलेला साठा परत विकत घेतो म्हणाला, आणि वर एक विनंती: हे सगळं हॅरी बक्स्टन फोरमनकडून आलं असं सांग. फोरमन हा पोस्ट खात्यातला अधिकारी, शेलीचा आणि कीट्सचा नामांकित संपादक, १९१७मध्ये वारलेला. मेलेला माणूस खुलासा करत नाही. गॉरफिनने नकार दिला. वाइजने ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ला पत्र लिहून फोरमनचं नाव घेतलंच, तेव्हा गॉरफिननेही तिथेच लिहिलं, की मला सगळा माल वाइजने दिला. धनी सर्वशक्तिमान असताना नोकराने असं लिहिणं सोपं नसणार.

कार्टर आणि पोलार्ड यांच्या पुस्तकात वाइजला कुठेही चोर म्हटलेलं नाही. अब्रुनुकसानीचा कायदा डोक्यावर होता. पुस्तकाचं नावही असं, की झोप लागावी: ‘एकोणिसाव्या शतकातल्या काही पुस्तिकांच्या स्वरूपाविषयी चौकशी’. आत पुरावे एकापुढे एक मांडलेले, आणि वाइज याबाबत किती निष्काळजी राहिले असं अदबीने म्हटलेलं. वाचणाऱ्याला काय ते कळतं. वाइजने प्रकृतीचं कारण देऊन वाद सोडला आणि १९३७मध्ये तो कबुली न देताच वारला.

पुढे १९४०च्या दशकात जुनी पत्रं बाहेर आली आणि दिसलं, की फोरमन या उद्योगात खरोखरच सामील होता. म्हणजे गॉरफिनला खोटं बोलायला सांगताना वाइज अर्धं खरं बोलत होता. हे कुठल्या कादंबरीत लिहिलं असतं तर मी लेखकाला जास्त होतंय म्हटलं असतं.

आणि हे कमी म्हणून की काय, वाइज गेल्यावर त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने ६६,००० पौंडांना विकत घेतला होता. १९५०च्या दशकात डेव्हिड फॉक्सन या ग्रंथपालाच्या लक्षात आलं, की वाइजच्या जुन्या नाटकांच्या प्रतींमधली काही पानं म्युझियमच्याच प्रतींमधून फाडलेली आहेत. अपुऱ्या प्रती पूर्ण करून विकण्यासाठी त्याने दोनशेहून अधिक पानं अशी पळवली होती. म्युझियमने स्वतःचीच चोरलेली पानं पैसे मोजून परत आणली होती. आज वाइजच्या बनावट पुस्तिका संग्राहक खास ‘वाइजची बनावट’ म्हणून शोधतात.

हे सगळं वाचून झाल्यावर मी पुन्हा त्या बाजारात गेलो. भांडायला नाही. काकांसमोर स्टीलच्या ताटात माझ्या नाण्याची अकरा भावंडं पडली होती, सगळी १८१८ची. त्यांनी मला ओळखलं. “जोडी करा साहेब, दोनशेला देतो.” मी विचारलं, ही येतात कुठून? ते म्हणाले, एक जण किलोवर देतो, वाड्यातली आहेत म्हणतो. त्याला आम्ही रोख पैसे मोजलेत. मग त्यांनी ताटातलं एक उचललं, बाहीला पुसलं, आणि या वेळी माझ्या हातात न देता स्वतःच उलटसुलट करून बघत राहिले.

“का हो,” त्यांनी विचारलं, “नाही का वाड्यातली?”