मिनामाता : पुराव्याचा भार कोणावर?

जपानच्या क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतात, शिरानुई समुद्राच्या काठी मिनामाता हे लहानसे शहर वसले आहे. या शहराचे नाव आज एका आजाराला आहे आणि पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारालाही. १ मे १९५६ रोजी या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. त्याच्या कारणाचा शास्त्रीय उलगडा तीन वर्षांत झाला. कारखान्याची कायदेशीर जबाबदारी न्यायालयात सिद्ध होण्यास मात्र सतरा वर्षे लागली आणि सरकारची जबाबदारी ठरण्यास अठ्ठेचाळीस. औद्योगिक प्रदूषणाने आजारी पडलेल्या माणसाने दाद मागताना नेमके काय सिद्ध करायचे, आणि मुळात ते त्यानेच का सिद्ध करायचे, हा या प्रकरणाचा गाभा होय.

पुढे 'चिस्सो' या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचा मिनामातातील कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला. कार्बाइड आणि खतांपासून सुरुवात करून १९३२ पासून तेथे अ‍ॅसिटाल्डिहाइड या रसायनाचे उत्पादन होऊ लागले. या प्रक्रियेत पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून वापरला जाई. त्यातील काही पाऱ्याचे मिथाइल मर्क्युरी या अत्यंत विषारी सेंद्रिय संयुगात रूपांतर होई आणि सांडपाण्याबरोबर ते खाडीत जाई. हे संयुग पाण्यात विरून नाहीसे होत नाही. सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत असे ते दर पायरीला अधिकाधिक साठत जाते आणि शेवटी माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचते. गर्भवतीच्या शरीरातून ते गर्भातही उतरते.

पहिल्यांदा वेड लागले ते मांजरांना. कोळ्यांच्या वाड्यांवरील मांजरे अडखळत, गिरक्या घेत मरू लागली. पाठोपाठ माणसांच्या हातापायांना बधिरपणा येऊ लागला, चाल लडखडू लागली, बोलणे अस्पष्ट झाले, दृष्टीचे क्षेत्र आकसले. काहींना झटके येऊन मृत्यू आला. कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मज्जासंस्थेच्या अज्ञात विकाराची साथ असल्याचे आरोग्य कार्यालयास कळवले. १ मे १९५६ची नोंद ती हीच. कुमामोतो विद्यापीठाच्या अभ्यासगटाने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हा संसर्ग नसून खाडीतील मासे आणि शिंपले यांतून झालेली जड धातूची विषबाधा असावी, असा निष्कर्ष काढला.

एवढ्यावरच मासेमारी थांबवता आली असती. प्रांताच्या प्रशासनाने १९५७ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा लागू करावा काय, अशी विचारणा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे केली. खाडीतील सर्वच मासे विषारी झाल्याचा स्पष्ट पुरावा नसल्याने कायदा लागू करता येणार नाही, असे उत्तर सप्टेंबरात आले. खाडीतला प्रत्येक मासा तपासून असा पुरावा कोण आणि कसा देणार होता, याचा खुलासा त्या उत्तरात नव्हता. पुढील पन्नास वर्षांच्या वादाची सगळी बीजे या एका वाक्यात सापडतात.

जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. कारखान्याने तत्काळ इन्कार केला. आपण वापरतो तो पारा असेंद्रिय, मग आजार सेंद्रिय पाऱ्याने झाला तर त्याच्याशी आपला संबंध कसा, असा तो युक्तिवाद होता. रासायनिक उद्योगांच्या संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याने महायुद्धानंतर समुद्रात टाकलेल्या स्फोटकांचा सिद्धांत मांडला. तोक्योतील एका प्राध्यापकाने सडक्या माशांतील अमाइन द्रव्यांचा मांडला. हे सिद्धांत टिकण्याची गरजच नव्हती. शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत, एवढे चित्र उभे राहिले की काम भागत होते. आरोग्य मंत्रालयाच्या समितीने नोव्हेंबर १९५९ मध्ये सेंद्रिय पारा हेच कारण असल्याचा निर्वाळा दिला आणि दुसऱ्याच दिवशी ती समिती विसर्जित झाली. शहराच्या करउत्पन्नाचा मोठा वाटा आणि हजारो नोकऱ्या याच कारखान्यावर अवलंबून होत्या, हेही ध्यानात घ्यावे लागते. रुग्णांकडे शेजारीपाजारीच संशयाने पाहू लागले होते.

कारखान्याला खरोखरच ठाऊक नव्हते काय? डॉ. होसोकावा स्वतः मांजरांवर प्रयोग करीत होते. अ‍ॅसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी अन्नात मिसळून ज्याला दिले, त्या ४०० क्रमांकाच्या मांजरात ऑक्टोबर १९५९ मध्ये आजाराची सर्व लक्षणे उमटली. हा निष्कर्ष व्यवस्थापनाने दडपला. तो न्यायालयापुढे आला १९७० मध्ये, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या होसोकावांची साक्ष रुग्णालयात नोंदवली गेली तेव्हा. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले.

मांजराचा प्रयोग यशस्वी झाल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३० डिसेंबर १९५९ रोजी, कंपनीने रुग्णांशी एक करार केला. जपानीत त्या रकमेला 'मिमाइकिन' म्हणतात. आजाऱ्याच्या समाचाराला गेल्यावर हातावर ठेवायचे पैसे, असा त्याचा भाव आहे. मृतासाठी तीन लाख येन, हयात प्रौढ रुग्णाला वर्षाला एक लाख, मुलाला तीस हजार. भरपाई हा शब्द हेतुपुरस्सर टाळलेला होता. आजार कारखान्यामुळे झाला असे पुढे सिद्ध झाले तरी रुग्ण आणखी काहीही मागणार नाहीत, असे कलमही त्यात घातलेले होते. त्याच महिन्यात 'सायक्लेटर' नावाची शुद्धीकरण यंत्रणा मोठ्या समारंभाने सुरू झाली. ती सेंद्रिय पारा काढण्यासाठी बांधलेलीच नव्हती. प्रश्न सुटल्याची समजूत मात्र देशभर पसरली, आणि १९६० मध्ये कारखान्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइडचे उत्पादन ४५ हजार टनांच्या वर, आजवरच्या उच्चांकावर गेले.

कोंडी फुटली ती शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्या नदीकाठी. निइगाता प्रांतातील आगानो नदीच्या परिसरात १९६५ मध्ये हाच आजार आढळला. नदीच्या वरच्या अंगाला शोवा डेन्को कंपनीचा तसाच कारखाना होता. तेथील रुग्णांनी १९६७ मध्ये दावा दाखल केला. सरकारने मिनामाताचा आजार चिस्सोच्या सांडपाण्यामुळे झाल्याचे २६ सप्टेंबर १९६८ रोजी मान्य केले. तोवर कारखान्याने ती प्रक्रिया बंद करून चार महिने लोटले होते. १९६९ मध्ये मिनामाताचे काही रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय न्यायालयात गेले.

दिवाणी कायद्याची जुनी रीत सरळ होती: ज्याने आरोप करायचा त्यानेच तो सिद्ध करायचा. कोळ्याने कारखान्याच्या आतली रासायनिक प्रक्रिया कशी सिद्ध करावी? ३० सप्टेंबर १९७१ च्या आदल्या दिवशी लागलेल्या निइगाताच्या निकालाने या रीतीला वळसा घातला. आजार कोणत्या द्रव्याने झाला आणि ते कोणत्या मार्गाने आले, हे फिर्यादींनी कारखान्याच्या दारापर्यंत दाखवले की पुरे. दारापलीकडे काय घडत होते हे फक्त कारखान्यालाच माहीत असते. तेव्हा ते द्रव्य आपल्याकडून गेले नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. कंपनीने १९६४च्या भूकंपात वाहून गेलेल्या कीटकनाशकांना दोष दिला होता. न्यायालयाने तो मानला नाही.

२० मार्च १९७३ च्या कुमामोतोच्या निकालाने आणखी एक पाऊल टाकले. मिथाइल मर्क्युरीची आपल्याला पूर्वकल्पना नव्हती, हा चिस्सोचा बचाव होता. नेमके विष कोणते हे कळेपर्यंत सांडपाणी सोडण्याची मुभा दिली तर काठावरील रहिवाशांवर प्रयोग केल्यासारखेच होईल, असा न्यायालयाच्या विवेचनाचा आशय होता. रासायनिक कारखान्याने पाणी सोडण्यापूर्वी उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम ज्ञानाने ते तपासले पाहिजे आणि शंका येताच थांबले पाहिजे. १९५९चा करार नीतिबाह्य म्हणून रद्दबातल ठरला आणि रुग्णांना १६ ते १८ दशलक्ष येनपर्यंत भरपाई मिळाली. कॅडमियमच्या 'इताइ-इताइ' आजाराचा तोयामाचा खटला आणि सहा कंपन्यांना एकत्र जबाबदार धरणारा योक्काइचीचा दम्याचा खटला, हेही याच दोन वर्षांत रुग्णांच्या बाजूने लागले. त्यातून १९७३ चा आरोग्यहानी भरपाई कायदा आला. हवेच्या प्रदूषणाच्या रुग्णांसाठी त्यात कारखान्यांवर गंधक वायूच्या उत्सर्जनानुसार आकार बसवण्यात आला. मात्र या गटात नव्या रुग्णांची नोंद १९८८ मध्ये बंद झाली.

भारतात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो भोपाळ दुर्घटनेच्या छायेत, दिल्लीतील श्रीराम कारखान्याच्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणी. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने धोकादायक उद्योगाची जबाबदारी निरपवाद ठरवली. काळजी घेतली होती, हा बचावही तेथे चालत नाही. तत्त्व म्हणून हे जपानच्याही पुढचे आहे. परंतु ते अपघाताला जितके सहज लागू पडते तितके सावकाश भिनणाऱ्या विषाला पडत नाही, कारण आजार आणि कारखाना यांचा दुवा तरीही जोडावाच लागतो. तमिळनाडूतील कोडाइकनाल येथील हिंदुस्थान लिव्हरचा पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. ५९१ माजी कामगारांशी तडजोड झाली ती मार्च २०१६ मध्ये. सानुग्रह, मानवतेच्या भूमिकेतून. कामगारांच्या आरोग्याला कारखान्यामुळे बाधा झाली, हे कंपनीने मान्य केलेले नाही. या शब्दयोजनेत 'मिमाइकिन'चा प्रतिध्वनी ऐकू आल्यास नवल नाही.

जपानमध्ये कंपनी दोषी ठरल्यावर वाद संपायला हवा होता. तो फक्त जागा बदलून उभा राहिला. आता प्रश्न होता, रुग्ण म्हणायचे कोणाला? १९७७ मध्ये सरकारने निकष कडक केले. केवळ बधिरपणा पुरेसा नाही, ठरावीक लक्षणे एकत्र दिसली पाहिजेत, असा दंडक झाला. हजारो अर्ज फेटाळले गेले. अधिकृत रुग्णांची संख्या सुमारे तीन हजारांच्या आसपासच राहिली. पुराव्याचा भार पुन्हा आजाऱ्याच्या अंगावर आला, आणि तोही कित्येक वर्षांपूर्वी खाल्लेल्या माशांबद्दलचा.

गर्भातच बाधा झालेल्या मुलांच्या बाबतीत एका घरगुती प्रथेने साथ दिली. जपानी कुटुंबे बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवतात. डॉ. मासाझुमी हारादा यांनी अशा नाळा गोळा करून त्यांतील पारा मोजला. आईच्या वारेतून विष जात नाही, अशी तेव्हाच्या वैद्यकाची समजूत होती. ती खोटी ठरली. प्रौढांजवळ असा कोणताच साठवलेला पुरावा नव्हता.

१५ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, जानेवारी १९६० पासून सांडपाणी रोखण्याचा अधिकार हाती असूनही तो न वापरल्याबद्दल, केंद्र व कुमामोतो प्रांत यांना जबाबदार धरले. २००९ मध्ये विशेष कायदा होऊन २१ लाख येनची एकरकमी मदत जाहीर झाली. पासष्ट हजारांच्या आसपास लोकांनी अर्ज केले. अर्जाची मुदत जुलै २०१२ मध्ये संपली. एप्रिल २०१३ मध्ये केवळ बधिरपणाचे लक्षण असलेल्या व्यक्तीसही रुग्ण मानता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला.

कंपनी या सर्व काळात बुडाली नाही. ती बुडाली तर भरपाई देणार कोण, म्हणून १९७८ पासून प्रांताच्या कर्जरोख्यांतून तिला तारून धरण्यात आले. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, या तत्त्वाचा असा विचित्र शेवट व्हावा, यात काव्यगत न्याय शोधणे कठीण आहे. तत्कालीन अध्यक्ष आणि कारखाना व्यवस्थापक यांना सदोष निष्काळजीपणाबद्दल १९७९ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. खाडीतील पाऱ्याचा गाळ १९७७ ते १९९० या काळात उपसून, त्यावर भराव टाकून सुमारे ५८ हेक्टर जमीन तयार करण्यात आली.

विशेष कायद्यातील भूभागाच्या वा जन्मवर्षाच्या अटींमुळे वगळल्या गेलेल्यांचे खटले पुढेही चालू राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये ओसाका जिल्हा न्यायालयाने सर्व १२८ फिर्यादींना रुग्ण मानले. मार्च २०२४ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने १४४ जणांचा दावा फेटाळला. त्यांतील २५ जणांना आजार असल्याचे मान्य करूनही, दावा करण्याची वीस वर्षांची मुदत उलटून गेल्याचे कारण दिले. एप्रिलमध्ये निइगाताने ४५ पैकी २६ जणांना रुग्ण ठरवले. १ मे २०२४ रोजी मिनामातातील स्मृतिदिनानंतर पर्यावरणमंत्र्यांच्या भेटीत रुग्णसंघटनांना प्रत्येकी तीन मिनिटे देण्यात आली होती. वेळ संपताच बोलणाऱ्याचा ध्वनिक्षेपक अधिकाऱ्यांनी बंद केला. आठवड्याभराने मंत्र्यांना पुन्हा मिनामाताला येऊन क्षमा मागावी लागली.