शोपाँचे पेडल आणि प्लेयेलचा पियानो

शोपाँच्या प्रेल्यूडांतील (ओपस २८) १७व्या रचनेच्या अखेरीस खर्जातला एकच स्वर ११ वेळा घुमतो आणि त्यावर मूळची धून मंदावत जाते. नाद लांबवणारे पेडल शोपाँने अशा जागी दीर्घकाळ धरायला सांगितले आहे. आजच्या पियानोवर त्या खुणा तंतोतंत पाळल्या, तर स्वर एकमेकांत कालवले जातात. पुढच्या संपादकांनी म्हणूनच कित्येक खुणा बदलल्या. ठपका मात्र रचनाकारावर आला.

वॉर्साच्या शोपाँ संस्थेने १८४८च्या प्लेयेल पियानोवर करवून घेतलेली ध्वनिमुद्रणे ऐकली, की हा ठपका टिकत नाही. या वाद्याच्या तारा समांतर आहेत, आजच्यासारख्या एकमेकींवरून तिरप्या नेलेल्या नाहीत. हातोड्या हलक्या, नाद लवकर ओसरणारा. शिवाय खर्ज, मध्य आणि तार यांचा रंग निरनिराळा. त्यामुळे पेडल धरूनही धून बुडत नाही.

ध्वनिमुद्रणाची एक लबाडी मात्र ओळखून असावे. मायक्रोफोन जवळ असतो. प्लेयेलचा आवाज मुळात दिवाणखान्यापुरता. प्रकृती बरी नसली, की शोपाँ एरारचा पियानो घेई. त्यात नाद आयता मिळे. प्लेयेलवर तो बोटांनी घडवावा लागे.