सिद्धगडाच्या आधीची शाळा : भाई कोतवाल आणि नेतृत्वाची घडण (थ्रेड)

१/ २ जानेवारी १९४३ची पहाट. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी क्रांतिकारकांना गाठले. हिराजी गोमाजी पाटील आणि विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हुतात्मा झाले. त्यांच्या बलिदानाची कथा सर्वश्रुत आहे. पण या नेत्यामागे माणसे का उभी राहिली?

२/ भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. शिक्षणाने मिळालेले हे बळ त्यांनी डोंगराखालच्या शेतकरी-आदिवासींसाठी वापरले.

३/ पावसाळ्यात या लोकांच्या घरातले धान्य संपे. मग सावकाराकडून खावटी घ्यायची आणि सुगीला ती सवाई-दिढीने फेडायची. भूक एका ऋतूची, पण मिंधेपणा कायमचा! भाईंनी भुकेसोबत हा मिंधेपणाही ओळखला.

४/ त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे धान्य बँक. सुगीत सर्वांनी धान्य साठवायचे, अडचणीच्या काळात त्यातूनच उचल घ्यायची. येथे मागणारा याचक नसतो, भागीदार असतो. मापणे, नोंद ठेवणे, वसुली करणे ही जबाबदारीही गावाचीच. जोडीला भाईंनी स्वयंसेवी शाळा चालवल्या.

५/ ऑगस्ट १९४२मध्ये 'चले जाव'ची हाक आली. भाई भूमिगत झाले आणि 'आझाद दस्ता' उभा राहिला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून कारखाने आणि रेल्वे खिळखिळी करणे, हे त्याचे काम. सप्टेंबर ते नोव्हेंबरदरम्यान असे अनेक मनोरे कोसळले.

६/ सरकारने भाईंना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. दारिद्र्याने पिचलेल्या मुलखात हे आमिष लहान नव्हते. तरीही दस्ता कित्येक महिने डोंगरात तग धरून राहिला. भूमिगतांना भाकरी, आसरा आणि मौन लागते. यांपैकी काहीही हुकूम सोडून मिळत नाही.

७/ 'भावनिक बुद्धिमत्ता' ही संज्ञा डॅनियल गोलमन यांच्या १९९५च्या पुस्तकाने जगभर पोहोचवली. आज कंपन्या नेतृत्वविकासाच्या कार्यशाळांत ती शिकवतात. समोरच्याचा अपमान न होऊ देता त्याची अडचण दूर करणे आणि त्याच्याच हाती कारभार सोपवणे, हे भाईंनी त्याच्या अर्धशतक आधी खेड्यापाड्यांत करून दाखवले होते.

८/ दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. त्या दिवशी पाडलेल्या मनोऱ्यांसोबत भरलेल्या धान्य बँकांचेही स्मरण व्हावे.