व्यसनाच्या दाराने आलेले समुपदेशन

मनाचा त्रास होऊ लागला की नात्यागोत्यातल्या नसलेल्या माणसासमोर बसून तो सांगायचा, ही रीत मराठी घरांत अलीकडची आहे. आज झोप उडवणारी चिंता, परीक्षेची धास्ती, संसारातला बेबनाव, किंवा नुसती स्वतःला समजून घेण्याची ओढ, अशा कारणांसाठी पुण्या-मुंबईतच नव्हे तर नाशिक-कोल्हापुरातही लोक समुपदेशकाकडे जातात. हा बदल पाश्चात्त्य मानसशास्त्र आणि शहरी शिक्षण यांनी घडवला, असे सहसा मानले जाते. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. मानसशास्त्र महाराष्ट्रात बरेच आधी येऊन पोचले होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी १९३८ मध्ये मनोविकारांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. त्याच सुमारास टाटांच्या समाजकार्य संस्थेने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढले. तरी पुढची चार-पाच दशके सर्वसाधारण मराठी कुटुंब त्या वाटेला फिरकले नाही. ते समुपदेशकाच्या खोलीत आले १९८० नंतर, आणि चिंतेने नाही तर व्यसनाने त्याला तिथे आणले. चिंतेवर बोलण्याची सोय त्याच दाराने मागाहून आत आली.

त्याआधी व्यसनावर आपल्याकडे दोन उपाय होते, शपथ आणि कायदा. वारकरी परंपरेत तुळशीची माळ घातली की दारू आणि मांसाहार सुटला, असे गावोगाव मानले जाई, आजही मानले जाते. गाडगेबाबांनी कीर्तनातून दारूवर आसूड ओढले. १९०८ मध्ये पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. यातल्या कशालाही कमी लेखण्याचे कारण नाही. माळेने कितीतरी घरे सावरली, कारण माळ घातलेला माणूस एकटा उरत नसे. त्याला फड मिळे, दिंडी मिळे, वर्षाच्या ठरलेल्या तिथी मिळत. पण या साऱ्या उपायांचा रोख बाटलीवर आणि माणसाच्या निश्चयावर होता. निश्चय मोडला की पुढे काय, याची तरतूद त्यांत फारशी नव्हती. शपथ मोडलेला माणूस पापी ठरे, कायदा मोडलेला गुन्हेगार ठरे, आणि दोघेही आपले पिणे लपवू लागत. व्यसनाच्या आजारात घसरण ही अपवादाने घडणारी गोष्ट नसते. बरे होण्याच्या वाटेवर ती अनेकांना गाठते. ज्या व्यवस्थेत घसरण कबूल करायला जागा नाही, त्या व्यवस्थेत उपचाराचे बोलणे सुरूच होऊ शकत नाही.

दोष न देता ऐकून घेणे आपल्या समाजाला किती अवघड गेले, याचा सगळ्यांत लख्ख पुरावा व्यसनाच्या क्षेत्राबाहेरचा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यात वाचक आपले खासगी, लैंगिक प्रश्न पत्राने विचारत आणि कर्वे त्यांना शास्त्रीय माहितीच्या आधारे उत्तरे देत. या प्रश्नांच्या तळाशी बहुतेकदा भीती होती: आपण बिघडलो आहोत का, आपल्या हातून काही अघटित घडते आहे का. चिंतेवरचे मराठीतले आरंभीचे जाहीर समुपदेशन म्हणून मी या पत्रोत्तरांकडे पाहतो. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांना दिलेल्या अशाच उत्तरांबद्दल. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर का देऊ नये, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. कर्वे हरले आणि त्यांना दोनशे रुपये दंड झाला. ज्ञान होते, विचारणारे होते, उत्तर द्यायला तयार असलेला माणूसही होता. नव्हती ती समाजाची परवानगी.

ती परवानगी मिळाली गर्दमुळे. १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, पसरली आणि तिच्या विळख्यात शाळा-कॉलेजातली पोरे सापडली. पन्नीवर पूड जाळून धूर ओढणारा मुलगा काही महिन्यांत घरातली भांडी विकू लागे आणि पूड मिळाली नाही की ‘टर्की’त, म्हणजे अंग पिळवटून टाकणाऱ्या त्रासात, तळमळे. इथे एक कडू गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गिरणगावातल्या चाळींमध्ये आणि खेड्यांतल्या झोपड्यांमध्ये दारूने त्याआधी कित्येक पिढ्या संसार मोडले होते, पण त्या संसारांतल्या बायकांसाठी कोणी समुपदेशन केंद्र उघडले नव्हते. मध्यमवर्गाची मुले पडू लागली तेव्हा व्यसन हा आजार आहे हे आपल्याला पटू लागले. ही जाग पक्षपाती होती. पण ती आली आणि तिचा लाभ पुढे दारूच्या रुग्णांनाही झाला, हेही तितकेच खरे आहे. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये व्यसनमुक्तीसाठी कृपा फाउंडेशन सुरू केले होते. पुण्यात अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले.

ते उभे राहिले येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, जिथे अनिताताई मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करत होत्या. त्या काळी १९१२ चा वेडेपणाचा कायदा लागू होता आणि ‘येरवड्याला पाठवा’ हे वाक्य अख्ख्या पुणे जिल्ह्यात चेष्टेचे होते. ज्या फाटकाची इतकी दहशत, त्याच फाटकातून आईवडील आपल्या मुलाला स्वतः घेऊन येऊ लागले, ही माझ्या दृष्टीने या इतिहासातली सर्वांत मोठी घटना आहे. आतली रीतही निराळी होती. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार. त्यात औषधांचा भाग सुरुवातीच्या शारीरिक त्रासापुरता, बाकी काळ गटातल्या चर्चा, एकेकट्याशी बोलणे, रोजची कामे, आणि घरच्यांबरोबरच्या बैठका. व्यसनातून सुटलेले रुग्णच पुढे समुपदेशक झाले. घसरलेल्या माणसाला परत यायला दार उघडे ठेवले गेले आणि गावोगावच्या पाठपुरावा केंद्रांतून त्याची विचारपूस होत राहिली. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट निघाला. नवरा पितो हा आपला दोष नाही, हे मोठ्याने म्हणायची मुभा अनेक बायकांना पहिल्यांदा अशाच गटांत मिळाली. पदार्थ सुटला की खाली दबलेले वर येते: भीती, एकटेपण, लहानपणचा मार, न्यूनगंड. व्यसनासाठी आलेले कुटुंब अशा रीतीने चिंतेबद्दल बोलायला शिकले.

यावर एक आक्षेप हमखास येतो. गावात बोलायला माणसे होतीच की. आजी होती, बुवा होते, मित्र होते, मग पैसे देऊन परक्यापुढे मन उघडे करण्याची गरज आपल्यावर बाहेरून लादली गेली नाही का? या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकू नये. एकत्र कुटुंब आणि दिंडी यांनी दिलेली सोबत कोणतेही केंद्र देऊ शकत नाही. मुक्तांगणाने गटाला आणि कुटुंबाला जे स्थान दिले ते त्या सोबतीचे मोल ओळखूनच. पण आजीला सांगितलेली गोष्ट भावकीत पोचते, आणि बुवाकडे उपाय मागायचा तर आधी दोष पत्करावा लागतो. मार खाणाऱ्या सुनेने सासूपाशी काय बोलावे? जवळच्यांमुळेच ज्याचे दुखणे आहे त्याला जवळच्यांपाशी वाट नसते. दुसरा आक्षेप असा की एक-दोन गाजलेल्या संस्थांवरून एवढा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे आणि चिंतेवरचे समुपदेशन स्वतंत्रपणेही वाढले. ते वाढले हे मान्य. कि. मो. फडके यांनी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी अनेक दशके पत्रव्यवहार केला आणि त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईत बसून रुजवली. त्या कामाचे व्यसनमुक्तीशी थेट नाते नाही. पण ती पद्धत मोजक्या अभ्यासकांपासून घराघरांत नेण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते डॉ. आनंद नाडकर्णी मुक्तांगणाच्या कामाशी जोडलेले होते, आणि त्यांनी १९९० मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था काढली तेव्हा चिंता, पालकत्व, विद्यार्थ्यांचे ताण, व्यक्तिमत्त्वविकास हे सारे एका छपराखाली आणले. दोन प्रवाह जिथे मिळाले ती जागा दाखवता येते, म्हणून माझा निष्कर्ष मी मागे घेत नाही.

या दाराने येण्याची किंमतही मोजावी लागली. व्यसनी म्हणजे पुरुष, हे गृहीत धरूनच सारी मांडणी झाली. मुक्तांगणात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग व्हायला दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. घराबाहेर दिसणाऱ्या त्रासाला आधी दाद मिळाली आणि स्वयंपाकघरात मुकाट सोसल्या जाणाऱ्या चिंतेला सर्वांत उशिरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था मनोविकाराच्या व्याख्येत स्पष्टपणे घेतल्या, तेव्हा केंद्रांनी तीस वर्षे जे केले त्यावर कायद्याची मोहोर उमटली. आता प्रश्न समुपदेशकांच्या पात्रतेचा आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यक्षेत्रातल्या संलग्न व्यवसायांच्या नोंदणीची चौकट आखली आणि समुपदेशनालाही त्यात घेतले. कोणीही पाटी लावून बसू नये म्हणून ही नोंदणी हवीच. पण स्वतः गर्द ओढून, सुटून, मग दुसऱ्याचा हात धरणारा जो समुपदेशक महाराष्ट्राने घडवला, त्याच्याजवळ बहुधा पदवी नसते. पदवीधराच्या देखरेखीखाली का होईना, नियमांमध्ये त्याची जागा नावानिशी लिहिली गेली पाहिजे, कारण दारात थबकलेल्या नव्या रुग्णाला आत येण्याचा धीर इतकी वर्षे त्यानेच दिला आहे.