हसणाऱ्यांचे ऋण

तमाशाच्या फडात रात्र चढत जाते, तसतशी तिची रूपे पालटत जातात. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग हा क्रम सोलापूर जिल्ह्यातील जाणत्या प्रेक्षकाला कोणी शिकवावा लागत नाही. गवळणीत मावशी मथुरेच्या वाटेवर पेंद्याशी हुज्जत घालते, बतावणीत सोंगाड्या थोरामोठ्यांची फजिती करतो. आणि मध्यरात्र उलटली की तीच माणसे वगात राजा, प्रधान, फितूर सरदार होऊन उभी राहतात. घटकेपूर्वी ज्याला पाहून आपण पोट धरून हसलो, त्याच्यासाठी आता डोळे पुसावयाचे असतात. विनोदाच्या घरातून निघून एखादे पात्र गंभीर नाट्याच्या घरी राहावयास जाते, तेव्हा त्याच्याबरोबर काय जाते, आणि हसणाऱ्याच्या माथ्यावर काय उरते, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

या स्थलांतराचा अगदी स्वच्छ नमुना अमेरिकन दूरचित्रवाणीने घालून दिला आहे. १९७० ते १९७७ या काळात सीबीएस वाहिनीवर ‘द मेरी टायलर मूर शो’ ही विनोदी मालिका चालली. मिनिआपोलिस शहरातील एका लहानशा दूरचित्रवाणी केंद्राच्या वृत्तविभागात ती घडे. लू ग्रँट हा त्या विभागाचा प्रमुख. वरून गुरकावणारा, टेबलाच्या खणात बाटली ठेवणारा, पण आतून मऊ असा हा गृहस्थ एडवर्ड ॲस्नर या नटाने रंगविला. भाग अर्ध्या तासाचा. चित्रणाच्या वेळी समोर प्रेक्षक बसलेले, आणि त्यांचा हशा घरोघरी ऐकू येणारा. अखेरच्या भागात केंद्राच्या नव्या मालकाने वृत्तविभागातील सर्वांना नोकरीवरून काढले. राहिला तो एकटा, सर्वांत अडाणी असलेला बातमी-निवेदक! हा शेवटचा विनोद.

त्याच वर्षी, १९७७ मध्ये, ‘लू ग्रँट’ या नावाची दुसरी मालिका सुरू झाली. नोकरी गेलेला तोच लू आता लॉस एंजेलिसच्या एका दैनिकात शहरवृत्त-संपादक झाला होता. भाग तासाभराचा झाला आणि हशा नाहीसा झाला. घरात मार खाणाऱ्या स्त्रिया, व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेले सैनिक, बातमी छापावी की दाबावी हा पत्रकाराच्या सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न, असे विषय आले. १९८२ पर्यंत ही मालिका चालली. एकाच पात्रासाठी ॲस्नर यांना विनोदी आणि गंभीर अशा दोन्ही विभागांत एमी पुरस्कार मिळाले.

प्रेक्षकांनी हा बदल स्वीकारला कसा? आमच्या मते कारण साधे आहे. सात वर्षे ज्याच्या गुरकावण्याला ते हसले होते, त्याचा स्वभाव त्यांना घरच्या माणसासारखा ठाऊक झाला होता. असा मनुष्य एकाएकी गप्प बसला, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. हशाने जे जवळपण निर्माण केले, त्याच्या बळावर दुसरी मालिका उभी राहिली.

याच्या उलट उदाहरणही आहे. कोरियन युद्धातील लष्करी इस्पितळावरची ‘मॅश’ ही विनोदी मालिका १९७२ पासून गाजत होती. तिच्यातील ट्रॅपर जॉन हे डॉक्टरचे पात्र घेऊन १९७९ मध्ये एक गंभीर मालिका काढण्यात आली. काळ पुढे सरकला होता, स्थळ सॅन फ्रान्सिस्कोचे झाले होते आणि नटही दुसराच होता. ती १९८६ पर्यंत चालली, तेव्हा तिला अपयशी कोण म्हणेल? परंतु जुन्या हशाशी तिचे नाते नावापुरतेच राहिले. पात्राचे नाव नेता येते; मैत्री न्यावयाची, तर माणूसच न्यावा लागतो.

ही युक्ती दूरचित्रवाणीने शोधून काढली, असे मात्र नव्हे. पंधराव्या शतकातील इंग्लंडमध्ये धार्मिक नाटकांची जी मालिका वेकफील्डच्या नावाने ओळखली जाते, तिच्यात मेंढपाळांचे एक नाटक आहे. त्याचा मोठा भाग निव्वळ प्रहसन आहे. मॅक नावाचा भामटा मेंढी चोरतो. त्याची बायको ती पाळण्यात निजवून तान्हे मूल असल्याची बतावणी करते. झडती घेऊन रिकाम्या हाताने निघालेले मेंढपाळ बाळाच्या हातावर काही ठेवावे म्हणून मागे फिरतात, आणि चोरी उघडकीस येते! मॅकला घोंगडीत घालून उडविण्यावरच ते शिक्षा भागवितात. तोच देवदूताचे गीत ऐकू येते, आणि हेच थकलेले, भाबडे मेंढपाळ बेथलेहेमच्या गोठ्यात खऱ्या बाळापुढे जाऊन उभे राहतात. माणसे तीच, पाळणाही जणू तोच. प्रहसनात त्यांनी दाखविलेली दानत ज्याने पाहिली, त्याला त्यांची बाळाला दिलेली भेट खरी वाटते.

आमच्या सोलापूरच्या मातीला ही वाट अनोळखी नाही. पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहीर राम जोशी हे सोलापूरचे. शास्त्री-पुराणिकांच्या घरातील हा मुलगा धोंडी शाहिराच्या फडात रमला, म्हणून थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले, अशी कथा परंपरेने जपली आहे. पुढे पंढरपुरी जाऊन त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले, तमाशा गाजविला, आणि मोरोपंतांच्या सहवासाने ते कीर्तनाकडे वळले, असेही परंपरा सांगते. त्यांच्या नावावर शृंगाराच्या लावण्या आहेत, तशाच उपदेशाच्याही. ढोलकीवर कमावलेला कान आणि लोकांना धरून ठेवणारी वाणी त्यांनी मागे टाकली नाही. त्यांच्या आयुष्यावरचा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा १९४७ चा चित्रपट मराठी बोलपटात तमाशाचे युग आणणारा ठरला.

पंढरपुरात जन्मलेले आणि सोलापुरात शिकलेले डॉ. जब्बार पटेल यांनी १९७० च्या दशकात ‘सामना’ दिग्दर्शित केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. साखर कारखानदार हिंदूराव धोंडे पाटील यांची भूमिका निळू फुले यांनी केली. फुले हे सेवादलाच्या कलापथकातून आलेले आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने लोकप्रिय झालेले विनोदी नट. लोकनाट्यात ज्या बेरकी स्वरावर टाळ्या पडत, तोच स्वर ‘सामना’त अंगावर काटा आणतो. उसाच्या आणि कारखान्यांच्या या मुलुखात तो आवाज कोणाला परका वाटला असेल?

मराठी दूरचित्रवाणीवर हे वळण विनोदी कार्यक्रमाच्या पोटातच आलेले दिसते. झी मराठीवर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्रे वाचीत. पत्रे अरविंद जगताप यांनी लिहिलेली. हाच नट एरवी साडी नेसून लोकांना हसवी. तोच खाकी कपड्यांत येऊन कोणा दुखावलेल्या माणसाचे पत्र वाचू लागला की सभागृह स्तब्ध होई, समोर बसलेल्यांचे डोळे भरून येत.

परंतु साडी नेसलेल्या पुरुषावर आपण हसतो, त्या हशाचे काय? येथे आम्हांस आमच्याच पदरातील एक जुने ऋण आठवते. तमाशातील नाच्या म्हणजे बायकी हावभाव करणारा, कमरेवर हात ठेवून लचकत बोलणारा पुरुष. मराठी चित्रपटात हे सोंग कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी इतके अजोड वठविले की, २००८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, आणि त्यानंतरही, ते ‘नाच्या’ म्हणूनच ओळखले गेले. तंबूत नि चित्रपटगृहात जो हशा उसळे त्यात आम्हीही होतो. सोंग उतरल्यावर तो माणूस कोणत्या रस्त्याने घरी जातो, त्याच्या लेकरांना शाळेत काय ऐकावे लागते, हा विचार आमच्या मनास शिवला नाही.

तो विचार डॉ. आनंद यादवांनी ‘नटरंग’ या कादंबरीत केला. तिच्यावरून रवी जाधव यांनी केलेला चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. कडेचे पात्र येथे मध्यभागी आले. गुणा कागलकर हा पैलवानी अंगाचा शेतमजूर. हौस राजा होण्याची. फडाला नाच्या मिळेना, तेव्हा कलेपायी तो स्वतः नाच्या होतो. मग गावाची थट्टा, घरच्यांची लाज, वैऱ्यांनी देहाची केलेली विटंबना. गुणाचे काम करणारे अतुल कुलकर्णी सोलापुरात शिकलेले, येथल्या ‘नाट्य आराधना’ संस्थेतून पुढे आलेले. आधी पैलवानाचे अंग कमावून नंतर ते झडवून त्यांनी हा बदल देहावर घडविला. ज्या लचकण्याला पिढ्यान्‌पिढ्या हशा मिळाला, तेच लचकणे पाहताना येथे प्रेक्षागृहात शांतता पसरली. पहिल्या खेळात आपण माणसाला ओळखले नव्हते, याची ती कबुली होती.

म्हणून आम्हांस वाटते की, विनोदी पात्राला गंभीर कथा लाभणे हे लेखकाच्या चातुर्याइतकेच प्रेक्षकाच्या ऋणमोचनाचे काम आहे. लू ग्रँटला ते पाच वर्षे लाभले. नाच्याला त्यासाठी शतक-दोन शतके थांबावे लागले. हसू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मेंढपाळांच्या त्या नाटकातून मॅकची फजिती वगळली, तर पुढला गोठाही फिका पडेल. परंतु आजही घरोघरी संध्याकाळी पडद्यावर कोणी लठ्ठ आहे म्हणून, कोणी तोतरे आहे म्हणून, कोणी बायकी चालतो म्हणून हशा पिकतो. सुज्ञ वाचकांनी त्या वेळी इतकेच मनाशी विचारावे: या माणसाची उरलेली गोष्ट कोणती? आमचे तमाशा कलावंत हा प्रश्न प्रेक्षकाला विचारीतही नसत. बतावणी संपली की ढोलकी थोडी थांबे, आणि सोंगाड्या वगासाठी कपडे बदलून पुन्हा समोर येई. त्याचे ऐकल्यावाचून उठून जाण्याची रीत नव्हती.