युद्धभूमीवरील आदेश : कसा लिहितात, कसा देतात आणि कुठे चुकतो

वरिष्ठ सेनाधिकाऱ्याने आपल्या हाताखालील तुकड्यांना लढाईतील कामगिरी नेमून देण्यासाठी काढलेल्या लेखी अथवा तोंडी सूचनेस युद्धादेश म्हणतात. योजना कितीही विचारपूर्वक आखलेली असली तरी सैनिकांपर्यंत ती या आदेशाच्या रूपानेच पोहोचते. संदिग्ध आदेशाची किंमत किती मोठी असू शकते, याचे वारंवार दिले जाणारे उदाहरण क्रिमियातील बालाक्लाव्हाच्या लढाईचे आहे.

२५ ऑक्टोबर १८५४ रोजी ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकडीवरून रणभूमी पाहत होते. मधल्या कटकावरील ठाणी रशियनांनी तुर्की सैनिकांकडून जिंकली होती आणि तेथील तोफा ते ओढून नेत असल्याचे रॅग्लन यांना दिसले. त्यांच्या सांगण्यावरून जनरल एअरी यांनी पेन्सिलीने चिठ्ठी खरडली : घोडदळाने वेगाने समोर जावे, शत्रूचा पाठलाग करावा आणि त्याला तोफा नेऊ देऊ नयेत, सोबत घोडदळी तोफखाना जाऊ शकतो, फ्रेंच घोडदळ डावीकडे आहे, तातडीचे. घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन खाली दरीत होते. त्यांना कटकावरील हालचाल दिसतच नव्हती. दिसत होत्या त्या दरीच्या पार टोकाला, दीड किलोमीटरहून अधिक अंतरावर मांडलेल्या रशियन तोफा. कोणत्या तोफा, असे त्यांनी चिठ्ठी आणणाऱ्या कॅप्टन नोलान यांना विचारले. लुकन यांनी नंतर सांगितल्यानुसार, नोलान यांनी दरीच्या टोकाकडे हात केला. सुमारे ६७० स्वारांची लाइट ब्रिगेड त्या दिशेने गेली. सुमारे ११० जण ठार झाले. नोलान अगदी सुरुवातीलाच पडले. त्यामुळे त्यांना नेमके काय म्हणायचे होते, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला.

ती चिठ्ठी आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. तिची भाषा सोपी आहे, वाक्ये छोटी आहेत. दोष भाषेच्या काठिण्याचा नव्हे. ‘समोर’ म्हणजे कोणाच्या समोर आणि ‘तोफा’ म्हणजे कोणत्या, हे लिहिणाऱ्याला टेकडीवरून इतके स्वच्छ दिसत होते की ते सांगण्याची गरज त्याला भासली नाही. शिवाय थोड्याच वेळापूर्वी कटक परत घेण्याविषयी दुसरा आदेश गेला होता. रॅग्लन यांच्या मनात नवी चिठ्ठी त्याचाच पुढचा भाग होती. लुकन यांनी ती स्वतंत्रपणे वाचली.

पुढील काळात आदेशाचा ठराविक साचा रूढ होत गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व भारतीय सैन्यात माहिती, उद्देश, पद्धत, प्रशासन आणि संपर्कव्यवस्था असे पाच भाग असत. आज अनेक सैन्यांत परिस्थिती, कामगिरी, अंमलबजावणी, रसद व प्रशासन, कमान व संपर्क अशी विभागणी आढळते. क्रम पाठ असल्याने थकलेल्या, अंधारात टिपणे घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही कोणती बाब कुठे शोधायची हे ठाऊक असते. एखादा भाग राहून गेला तर तेही लगेच लक्षात येते.

यातील कामगिरीचा भाग सर्वांत लहान आणि सर्वांत कठीण. कोण, काय, केव्हा, कुठे आणि कशासाठी हे सारे शक्यतो एका वाक्यात यावे लागते. उदाहरणार्थ : ‘ब कंपनी ०४३० वाजेपर्यंत रेल्वे पूल ताब्यात घेईल, जेणेकरून बटालियनला पलीकडच्या तीरावर जाता येईल.’ शेवटचा अर्धा भाग गाळला, तर पूल उडवलेला दिसताच कंपनीची कामगिरी संपली असे होईल. तो भाग असेल, तर कंपनी कमांडर उताराची दुसरी जागा शोधू लागेल.

१९७१ च्या युद्धात नेमका असा प्रसंग आला. मेघनेवरील आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला, तेव्हा चौथ्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी ९ डिसेंबरपासून हेलिकॉप्टरने सैन्य नदीपार नेले. पूर्व विभागाचे तत्कालीन चीफ ऑफ स्टाफ जे. एफ. आर. जेकब यांनी नंतर असे नोंदवले आहे की, लष्करी मुख्यालयाच्या मूळ सूचनेत खुलना आणि चितगाव यांवर भर होता, ढाक्याचा उल्लेख अंतिम लक्ष्य म्हणून नव्हता. या मुद्द्यावर मतभेद आहेत. मात्र वाद ज्यावर झाला ती गोष्ट आदेशातील एका स्थळनामाची होती, हे लक्षणीय आहे.

मोकळीक देणारे शब्दही जपून वापरावे लागतात. १ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे जनरल रॉबर्ट ली यांनी जनरल युएल यांना सेमेटरी हिल ही टेकडी ‘शक्य असल्यास’ घेण्यास सांगितले; मोठी लढाई जुंपू देऊ नये, असेही बजावले. युएल यांना ते शक्य वाटले नाही. आदेश पाळला गेला, टेकडी मात्र विरोधी पक्षाकडेच राहिली.

दिशा सांगताना डावे-उजवे टाळून उत्तर-दक्षिण म्हणणे, नदीचा डावा तीर प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवणे, ठिकाण नकाशावरील आकड्यांनी देणे आणि वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने लिहिणे हे संकेत रुक्ष वाटतात. बालाक्लाव्हाच्या चिठ्ठीत यांपैकी एकही असता तर लुकन यांना प्रश्न विचारावा लागला नसता.

आदेश देण्याची रीतही ठरलेली आहे. उपलब्ध वेळेपैकी एक तृतीयांश वरिष्ठाने वापरावा आणि उरलेला दोन तृतीयांश कनिष्ठांच्या तयारीसाठी सोडावा, असा संकेत आहे. म्हणून पूर्ण आदेशाआधी छोटा पूर्वसूचनेचा आदेश जातो. शक्य तेव्हा कनिष्ठांना प्रत्यक्ष जमीन दिसेल अशा जागी बोलावले जाते. ते जमत नसेल तर वाळूत भूभागाची प्रतिकृती मांडतात. घड्याळे जुळवली जातात. अखेरीस ‘समजले का?’ असे न विचारता प्रत्येकाकडून त्याची कामगिरी त्याच्याच शब्दांत वदवून घेतली जाते. ‘समजले’ असे उत्तर लुकन यांनीही दिले असते.

लेखी आदेशाला वेगळाच धोका असतो. सप्टेंबर १८६२ मध्ये ली यांनी काढलेल्या विशेष आदेश क्रमांक १९१ मध्ये सैन्याच्या कोणत्या भागाने कुठे जावे हे सविस्तर लिहिले होते. त्याची एक प्रत तीन सिगारींभोवती गुंडाळलेल्या अवस्थेत १३ सप्टेंबरला मेरिलँडमधील फ्रेडरिकजवळ संघराज्याच्या सैनिकांना सापडली आणि जनरल मॅक्लेलन यांच्या हाती गेली. आदेश सुस्पष्ट असल्याने त्यांनाही तो वाचताक्षणीच उमगला. चार दिवसांनी अँटिएटमची लढाई झाली.