होगनला कुस्ती येत होती का?

२४ जुलै २०२५ ला हल्क होगन गेला. एकाहत्तर वर्षांचा होता, म्हणजे माझ्याच पिढीतला. त्यानंतर महिन्याभराने गणपतीला सगळे घरी जमले. आरती झाली, जेवणं झाली आणि माझे दोन पुतणे (दोघांचेही कानाजवळचे केस आता पांढरे झालेत) ओसरीवर असे काही भांडायला लागले, की आमच्या सौ.ना वाटलं शेताच्या वाटणीचा विषय निघाला. विषय होता होगनचा. मोठा म्हणत होता, "होगनला काही येत नव्हतं. बोट नाचवायचं, कानाला हात लावायचा, पाय टाकायचा, संपलं. नुसती हवा!" धाकटा म्हणाला, "मग तुझा तो अंडरटेकर काय करायचा? डोळे फिरवायचा!"

शेवटी दोघं माझ्याकडे आले. "काका, तुम्ही सांगा." मी "झोपा आता" म्हणून विषय मिटवला खरा, पण तो डोक्यातून जाईना. जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे नुसत्या मतावर समाधान होत नाही, पुरावा बघावासा वाटतो. मग रोज दुपारी जुन्या कुस्त्या बघत बसलो. हा लेख त्या दोघांसाठी आहे, बाकीच्यांनी वाचला तरी हरकत नाही.

आधी एक गोष्ट उरकून घेऊ. ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो, तिला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात. अमेरिकेतली ही व्यावसायिक कुस्ती नुराच आहे आणि ते काही गुपित राहिलेलं नाही. १९८९ साली मॅकमहनच्या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपण होऊन सांगून टाकलं, की हा खेळ नसून करमणूक आहे. कारण काय, तर खेळांना लागू असलेली सरकारी देखरेख आणि कर टळावेत! असो. पण निकाल ठरलेला असेल तर "याला येत होतं" आणि "त्याला येत नव्हतं" हे ठरवायचं कशावरून?

याचं उत्तर मला आमच्या मामांनी १९६८ च्या सुमारास देऊन ठेवलं होतं. मामा तालमीत वाढलेले, कान मोडलेले. त्यांनी मला वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगची फ्रीस्टाईल बघायला नेलं. दारासिंग तेव्हा ऐन भरात होता. त्याच वर्षी २९ मे रोजी मुंबईत त्याने अमेरिकेच्या लू थेझला हरवलं होतं. थेझ तेव्हा बावन्न वर्षांचा होता, पण खऱ्या पकडी येणारा आणि त्यासाठी त्या धंद्यात सगळे वचकून असत असा गडी. तर आम्ही गेलो त्या दिवशी दारासिंगने एका परदेशी पैलवानाला डोक्यावर उचललं, गरगर फिरवलं आणि आपटलं. मामांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मी कॉलेजात जाणारा शहाणा मुलगा. म्हटलं, "मामा, ही तर नुरा आहे." मामा म्हणाले, "ते काय मला कळत नाही? पण तो पडला कसा ते बघितलंस का? हनुवटी छातीला, दोन्ही हात आणि पाठ एकदम टेकली. आणि टाकणाऱ्यानं त्याला शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं. आपल्या फडात टाकताना कोण धरतंय?"

मला त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नाही.

आता होगनचा खटला. त्याच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे २९ मार्च १९८७ चा रेसलमेनिया. मिशिगन राज्यातल्या पॉन्टियॅक गावच्या स्टेडियममध्ये झालेला. प्रेक्षक ९३,१७३ होते असं कंपनी सांगते. हा आकडा फुगवलेला आहे असं म्हणणारेही बरेच आहेत, पण स्टेडियम शिगोशीग भरलं होतं हे चित्रफितीत दिसतंच. शेवटची कुस्ती होगन आणि आंद्रे द जायंट यांची. आंद्रे म्हणजे सात फूट चार इंच, ५२० पौंड अशी जाहिरात असलेला फ्रेंच राक्षस. बारा मिनिटांची ती कुस्ती आहे. त्यातला मोठा भाग आंद्रे होगनला मिठीत आवळून उभा आहे, बस्स. डेव्ह मेल्टझर नावाचा एक पत्रकार आहे, तो कुस्त्यांना तारे देतो, सिनेमाला देतात तसे. त्याने या कुस्तीला दिले उणे चार. (माझ्या पूर्ण नोकरीत मी कुणाला उणे गुण दिले नाहीत.)

आणि त्याच दिवशी, त्याच रिंगमध्ये, थोडं आधी रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची कुस्ती झाली. साडेचौदा मिनिटांची. मोठ्या पुतण्याने हट्टाने मला ती दोन्हींच्या पाठोपाठ बघायला लावली आणि खरं सांगतो, दुसरी बघितल्यावर पहिली बघवत नाही. डावाला प्रतिडाव, प्रत्येक वेळी वाटतं की आता चीत झाला, आणि तो खांदा उचलतो. स्टीमबोटने पुढे अनेकदा सांगितलंय की सॅव्हेजने ही कुस्ती कागदावर लिहून काढली होती. पायऱ्यांना क्रमांक देऊन. दोघं एकमेकांची तोंडी परीक्षा घ्यायचे, पंचविसावी पायरी काय, मग पुढची सांग. तोवर बहुतेक पैलवान निकाल आणि दोनचार मोठे प्रसंग तेवढे ठरवायचे, बाकी रिंगमध्ये कानात कुजबुजून चालायचं. म्हणजे सॅव्हेज हा टाचण काढून वर्गात येणारा मास्तर. आम्हा मास्तरांना अशा माणसाबद्दल आदर वाटणारच.

मग होगन दोषी? थांबा. पुन्हा ती कुस्ती बघताना मी फक्त आंद्रेकडे बघत राहिलो. त्या वेळी त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया होऊन फार दिवस झाले नव्हते. काळ्या पोशाखाच्या आत त्याने आधाराचा पट्टा बांधलेला होता. शरीरात वाढीचा स्राव अति होण्याचा आजार त्याला होता, त्यामुळेच तो एवढा मोठा झाला आणि त्यामुळेच सेहेचाळिसाव्या वर्षी, १९९३ च्या जानेवारीत, पॅरिसमध्ये गेला. तरुणपणी हाच आंद्रे चपळ होता, त्याची सत्तरच्या सुमाराची दृश्यं आहेत. १९८७ मध्ये त्याला धड चालता येत नव्हतं. अशा माणसाबरोबर हजारो लोकांसमोर बारा मिनिटं कशी काढायची? वेगवान डाव केले असते तर आंद्रे उघडा पडला असता, पाठीला इजा झाली असती ती वेगळीच. होगन सुरुवातीलाच त्याला उचलायला जातो आणि स्वतःच खाली कोसळतो. मग पुढचा सगळा वेळ त्या एका प्रश्नावर चालतो, की हा उचलला जाणार का? आणि शेवटी उचलतो, आपटतो, तेव्हा स्टेडियममध्ये जे होतं ते अजूनही अंगावर काटा आणतं. मेल्टझरचे उणे चार मला पटत नाहीत. त्याने फक्त डाव मोजले.

शिवाय होगनला डाव येत नव्हते हेही खरं नाही. जपानमधल्या त्याच्या कुस्त्या बघा. तिथले प्रेक्षक शांत बसून पकडी बघणारे. तिथे होगन जमिनीवरच्या पकडी करतो, हात पिरगाळतो, अमेरिकेत कधी न केलेल्या गोष्टी करतो. २ जून १९८३ ला त्याने अंतोनियो इनोकीला हरवलं तेव्हाचा होगन वेगळाच माणूस वाटतो. अमेरिकेत त्याला हे करायची गरज पडली नाही, म्हणून केलं नाही. याला आळस म्हणा हवं तर. पण १ एप्रिल १९९० ला टोरांटोत अल्टिमेट वॉरियरबरोबरची त्याची कुस्ती बघितली आणि माझी खात्री पटली. वॉरियर म्हणजे दोऱ्या हलवत धावत येणारा, तीन मिनिटांत धाप लागणारा गडी. त्याच्याकडून वीसबावीस मिनिटांची बघण्यासारखी कुस्ती होगनने काढून घेतली आणि शेवटी स्वतः हरला. ढ मुलाकडून साठ टक्के काढून घेणारा शिक्षक नालायक असतो, असं मला कुणी पटवून द्यावं.

आता मधेच एक गोष्ट सांगतो. घरात अजून कुणाला सांगितलेली नाही.

१९९४-९५ चा सुमार. पोरांना तेव्हा त्या कुस्तीच्या ट्रम्प कार्डांचं वेड. पैलवानाचा फोटो, खाली उंची, वजन, छाती, दंड, किती लढती, किती जिंकल्या. आठवीच्या वर्गात मी एक गड्डी जप्त केली आणि वर भाषण दिलं, "अरे हे सगळं खोटं असतं. नाटक असतं. कुणाला काही लागत नाही." पोरं हिरमुसली. मला बरं वाटलं. चार दिवसांनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात एका मुलाने दुसऱ्याला खांद्यावर घेतलं आणि फरशीवर टाकलं. खांद्याजवळचं हाड मोडलं. टाकणाऱ्याला मी खडसावून विचारलं तर तो रडत म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात ना, लागत नाही म्हणून." मुख्याध्यापकांना मी घटनेचा अहवाल दिला. त्यात हे वाक्य लिहिलं नाही. पोराला चार दिवस शाळेतून घरी पाठवलं, त्यावर मी सही केली.

मामांचं वरळीचं बोलणं मला त्या दिवशी कळलं. लागत नाही, कारण एकाला पडता येतं आणि दुसऱ्याला टाकता येतं. निकाल खोटा असतो, फरशी खोटी नसते.

म्हणून माझी मोजपट्टी ही. समोरच्याने स्वतःचं शरीर तुमच्या हातात दिलं, ते तुम्ही कोणत्या अवस्थेत परत केलं? या पट्टीने रिक फ्लेअरवर होणारी टीका मला किरकोळ वाटते. तो तीच ती कुस्ती करायचा, दोऱ्यांवरून उलटायचा, हातपाय जोडून विनवण्या करायचा, हे सगळं खरं. ब्रेट हार्टनेच ती टीका केली आहे. पण १९७५ च्या विमान अपघातात पाठीचा कणा मोडलेला हा माणूस पुढे वर्षानुवर्षं तासतासाच्या कुस्त्या करत होता आणि १९८९ साली स्टीमबोटबरोबरच्या त्याच्या तीन कुस्त्या बघून तक्रार करणाऱ्याला काय म्हणावं!

माझ्या मते वाजवीपेक्षा फार मोठा ठरवला गेलेला माणूस एकच, बिल गोल्डबर्ग. फुटबॉलमधून आला, १९९७ मध्ये रिंगमध्ये उतरला आणि जिंकतच सुटला. दोन मिनिटं, तीन मिनिटं, धडक, उचलून आपट, संपली कुस्ती. ६ जुलै १९९८ ला अटलांटात ४० हजारांच्या आसपास प्रेक्षकांसमोर त्याने होगनलाच हरवलं. १७३ विजय सलग, असं कंपनी सांगायची. हा आकडाही फुगवलेलाच होता. धाकटा पुतण्या म्हणतो, तो यायचा तेव्हा काय वातावरण तापायचं! तापायचं, नाही कोण म्हणतो.

१९ डिसेंबर १९९९, वॉशिंग्टन. समोर ब्रेट हार्ट. कॅनडातल्या कॅलगरीचा, घराच्या तळघरात बापाने तालीम चालवलेली, बारा भावंडांच्या घरातला. आपल्या हातून एकाही पैलवानाला गंभीर इजा झाली नाही याचा त्याला सगळ्या किताबांपेक्षा अभिमान. त्याच वर्षी मे महिन्यात त्याचा धाकटा भाऊ ओवेन कॅन्सस सिटीत छतावरून रिंगमध्ये उतरताना पडून गेला होता. त्या ब्रेटच्या डोक्यात गोल्डबर्गची लाथ बसली. नाटकातली नाही, खरी. मेंदूला मार बसला. तो त्या दिवशी कुस्ती पूर्ण करून गेला, पुढेही काही दिवस लढला आणि २००० साली त्याला ते काम सोडावं लागलं. गोल्डबर्गने नंतर अनेकदा खेद व्यक्त केला आहे. त्याने मुद्दाम केलं असं कुणीच म्हणत नाही, मीही नाही. व्हरांड्यातल्या त्या पोरानेही मुद्दाम केलं नव्हतं. दोघांनाही शिकवायचं ते कुणी शिकवलं नव्हतं आणि तेवढ्यात त्यांना रिंगमध्ये सोडलं.

होगनकडे परत येतो. लोक हसतात त्या त्याच्या शेवटच्या डावाला. उडी मारून, पाय लांब करून समोरच्याच्या अंगावर बसायचं. यात आपटतो कोण? होगन स्वतः, कमरेवर, प्रत्येक रात्री. समोरच्याला जेमतेम स्पर्श होतो. पाठीच्या आणि कमरेच्या किती शस्त्रक्रिया त्याला कराव्या लागल्या आणि त्या याच डावामुळे, हे तो स्वतः सांगायचा. माणूस म्हणून त्याच्याबद्दल बरंच वाईट बोलता येईल आणि ते त्याच्या हयातीत बोललंही गेलं. तो हिशेब इथे नको. पण कुस्ती त्याला येत होती.

ती जप्त केलेली गड्डी अजून माझ्या कपाटात आहे. परत द्यायची राहिली. काल काढून बघितली. गोल्डबर्ग त्यात नाही, तो नंतरचा. ब्रेट हार्ट आहे, गुलाबी-काळ्या पोशाखात, खाली छाती आणि दंडाचे इंच.

मोठ्याला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. "म्हणजे होगन सुटला?" म्हणाला. म्हटलं, सुटला. धाकटा मात्र अंडरटेकरचा निकाल मागतोय. १९९१ चा अंडरटेकर की २००९ मध्ये शॉन मायकल्सशी लढलेला, ते त्याने आधी कळवावं. माझ्या लेखी ते दोन वेगळे पैलवान आहेत.